मी सातचे आठ केले

मित्रांनो, मी एक लाउडस्पीकर, वयानं तुमच्या आईवडिलांहून मोठा. नंदुरबारच्या एका सभागृहात, रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात सोळा वर्षं उभा आहे. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं मोठं करून सांगितलं. आज स्वतःचं सांगायला घेतलंय आणि खरं सांगू का, सुरुवात कुठून करावी तेच कळत नाहीये. कौतुकाचं काही असलं म्हणजे तोंड आपोआप उघडतं. लाजेचं सांगायचं म्हटलं की आधी घसा साफ करावासा वाटतो.

मला मुंबईत बनवलं, एका सिनेमाच्या थिएटरसाठी. खोकं सागवानी. त्यात खाली ताटाएवढा कागदी पडदा आणि वर एक छोटा पत्र्याचा भोंगा. ढोल, मोटारीची घरघर, पुरुषाचा खर्ज, हे जाड आवाज खालचा पडदा काढतो. बांगड्यांची किणकिण, चिमणीची चिवचिव, हे बारीक आवाज भोंग्याचे. कोणता आवाज कुणाकडे जायचा, ही वाटणी करायला माझ्या पोटात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणि दोन मेणकागदी कंडेन्सर बसवलेले होते. कारागीर त्या सगळ्याला मिळून क्रॉसओव्हर म्हणत. बाहेरून यातलं काही दिसत नाही. दिसतं ते लाकूड, आणि त्यावरचं कापड.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तुम्ही ‘आ’ म्हणा. गळा थरथरतो की नाही? आता नुसतं ‘स्स्स’ म्हणा. गळा गप्प, फक्त दातांमधून वारा. हा ‘स’ इतका बारीक आवाज आहे की माझ्या मोठ्या पडद्याला तो काढताच येत नाही. तो सगळा भोंग्याच्या हवाली. भोंगा मुका झाला तर ‘स’ गेलाच म्हणून समजा.

थिएटरनं नवे स्पीकर घेतले तेव्हा मला काढून टाकलं आणि एकोणीसशे बावन्नमध्ये मी रेल्वेनं नंदुरबारला आलो. इथल्या बालकल्याण मंडळानं नवं सभागृह बांधलं होतं. एका बाजूला मिरचीच्या पथारी, म्हणजे मैदानभर वाळत घातलेली लाल मिरची, आणि दुसऱ्या बाजूला कंपाउंडात एक मोठं कडुनिंब. मंडळाचे अध्यक्ष चुनीलालशेठ. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातले. कापूस, केळी आणि तोंडभर बोलणं. निवेदनं वाचायला बालवाडीच्या शोभाबाई. आणि माझी देखभाल पितांबर मिस्तरींकडे. रेडिओ दुरुस्तीचं त्यांचं दुकान स्टेशनजवळ होतं.

पहिली काही वर्षं फार चांगली गेली. बालवाडीची गाणी, कीर्तनं, सरकारी सूचना. शोभाबाई कागद वाचायच्या आणि अगदी निंबाखाली बसलेल्या माणसालाही अक्षर अन् अक्षर पोचायचं.

मग हळूहळू काय झालं ते माझं मलाही कळलं नाही. मिरचीची पूड उडून आत बसायची. उन्हाळ्यात पत्र्याखालची हवा इतकी तापायची की कंडेन्सरचं मेण पाघळायचं, आणि पावसाळ्यात त्या फटींतून ओल शिरायची. भोंग्याकडे जाणारा आवाज वर्षागणिक थोडा थोडा कमी झाला. एकदम गेला असता तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

आणि मित्रांनो, लोकांनी काय म्हणावं? त्यांनी माझी स्तुती केली!

“वा, काय गोड शे आवाज!” चुनीलालशेठ पाहुण्यांना सांगत. “नवा भोंगा कसा टोचस कानले. आमना हाऊ लोण्यासारखा शे, लोण्यासारखा!”

मी फुगलो. मऊपणा हे माझं दुखणं होतं आणि मी ते मेडलसारखं मिरवत होतो. एकटे पितांबर मिस्तरी डोकं हलवायचे.

“शेठ, गोड लागस तुम्हले, पन वरना भोंगा मुका व्हई ऱ्हायना. एकदाव पोट उघडू द्या त्यानं.”

“बोली ऱ्हायना ना तो?”

“बोली ऱ्हायना, पन...”

“मंग पोट कसाले फाडस? तू मिस्तरी शे का कसाई? त्यापेक्षा पॉलिश मार. पाहुणा येतस आपलाकडे.”

त्या वर्षी मला पॉलिश झालं. नवं मखमली कापड आलं, कडेला सोनेरी पट्टी आली. मला फार बरं वाटलं. हे सांगताना आज माझं लाकूडसुद्धा आक्रसतं.

एकोणीसशे एकसष्टच्या मार्चअखेरीस मंडळानं मुलांच्या पायांची तपासणी ठेवली. सुरतेहून डॉक्टर आले. जन्मतःच ज्यांची पावलं आत वळलेली असतात अशी मुलं घेऊन लांबलांबून आया आल्या. त्यात डोंगरातल्या खापर गावाकडच्या पाड्यावरची फुलवंताबाई होती. कडेवर दीड वर्षाची कोकिळा. डाव्या पायाचा तळवा आत मुडपलेला, त्यामुळे पोर उभी राहायची ती पावलाच्या कडेवर. डॉक्टरांनी तो पाय हातात घेऊन फिरवून पाहिला आणि शोभाबाईंना म्हणाले, “हाडं अजून कोवळी आहेत. आत्ता चारपाच प्लास्टरांत पाय सरळ होईल. वर्ष गेलं तर चाकू लागेल, आणि तरी सांगता येत नाही.”

शोभाबाईंनी ते फुलवंताबाईला समजावलं. तिनं त्या पायावर पदर ओढून घेतला आणि नुसती मान हलवली.

नऊ मुलं निवडली. दुसऱ्या दिवशी दवाखान्याची बस त्यांना आयांसकट सुरतेला नेणार होती. संध्याकाळी शोभाबाईंनी माझ्यातून निवेदन केलं. सभागृह गच्च भरलं होतं. पुढे बसलेल्यांनी बाईंच्या तोंडूनच ऐकलं. फुलवंताबाई मात्र गर्दीत पोर गुदमरायला नको म्हणून बाहेर निंबाखाली उभी होती. तिच्यापर्यंत पोचलो तो फक्त मी.

बाई म्हणाल्या, “बस उद्या सकाळी सात वाजता सुटेल. सात वाजता.”

आणि मी म्हणालो, “अकाळी आत वाजता. आत वाजता.”

अगदी मऊ. लोण्यासारखं.

‘आत वाजता’ असं काही असतं का? नसतं. ऐकणारा माणूस जवळचं काय ते लावून घेतो. फुलवंताबाईनं लावलं, आठ. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. दारावर चिकटवलेला कागद तिच्यासाठी नव्हता. तिच्यासाठी मी होतो.

ती रात्रीपुरती पथारीवर काम करणाऱ्या नणंदेकडे उतरली होती. पहाटेच उठली. पथारीवरच्या मुनीमाला वेळ विचारली, तो म्हणाला, “साडेसहा झालेत.” दीड तास हातात आहे असं समजून तिनं पोरीला न्हाऊ घातलं. डोक्याला तेल लावलं. शहरातले डॉक्टर बघणार म्हणून नव्या झबल्याची बटणं दोनदा लावली, दोनदा काढली. हे तिनंच पुढे शोभाबाईंना सांगितलं आणि बाई ते मिस्तरींना सांगताना मी ऐकलं. माझा पडदा बोलतो तसाच ऐकतोही.

इकडे बस सातला तयार. शोभाबाई फाटकापर्यंत जाऊन येत होत्या. ऊन चढायच्या आत पोचायचं होतं, आठ पोरं आत रडत होती. सव्वासातला बस सुटली.

साडेसातला फुलवंताबाई आली. आठच्या बसला अर्धा तास आधी, असं तिला वाटत होतं. हसतच आली हो.

“गाडी कथी शे?”

“बस?” चुनीलालशेठ ओट्यावर चहा घेत होते. भोवती चारदोन मंडळी. “बस आते नवापूरले पोचनी व्हई. सातनी बस व्हती, माय!”

“आठनी.”

“सातनी!”

“तुमना डब्बानीच हांगं. मी निंबखाले उभी व्हती. आठ हांगं.”

“डब्बा सात बोलना. शेकडो लोकस्नी ऐकं. तुन्हा एकलीना कान न्यारा शे का?”

“डब्बा आठ बोलना,” दारातून माझ्याकडे बोट करत तिनं पुन्हा सांगितलं.

तेवढ्यात एकाला गंमत सुचली. “शेठ, या लोकस्ना तोंडमा स नही ऱ्हास. सांगंले हांगं म्हनतस. मंग कानमा तरी कथाईन ऱ्हाई? बोल वं माय, सात!”

फुलवंताबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, नीट सांगितलं तर काहीतरी सोय होईल. तिनं नीट सांगितलं.

“हात.”

ओटा हसून लोटपोट झाला. चुनीलालशेठांच्या हातातला चहा बशीत सांडला. “दखा! डोंगरमा साताले हात म्हनतस, आनि नाव माले ठेवतस... मन्हा डब्बाले ठेवतस!”

मी दाराआडून हे सगळं ऐकत होतो. नवी सोनेरी पट्टी अंगावर घेऊन. तिच्या जिभेवर ‘स’ नव्हता, पण कानात होता. कुणी नीट म्हटलेला ‘सात’ तिला बरोबर कळायचा. ‘स’ गेला होता तो माझा. चोरी मी केली आणि झडती तिची झाली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण दुसरं कुणी माइकमध्ये बोलल्याशिवाय मला तोंड नाही.

ती रडली नाही. कोकिळाच्या झबल्याचं वरचं बटण लावलं आणि गावाकडे जाणाऱ्या अक्कलकुव्याच्या मोटारीकडे चालू लागली.

ओट्यापाशी उभ्या असलेल्या शोभाबाई मात्र अस्वस्थ झाल्या. ती हसत हसत आली होती, हे त्यांना काही विसरता येईना. दुपारी त्यांनी पितांबर मिस्तरींना बोलावलं.

“मिस्तरी, मी निंबाखाली उभी राहते. तुम्ही माइकवर सात, आठ, साठ यांतला एकेक आकडा म्हणा. क्रम तुमच्या मनाचा. मी पाटीवर लिहीन.”

मिस्तरींनी दहा आकडे म्हटले. बाई पाटी घेऊन आत आल्या. दहांपैकी सहा चुकले होते.

त्या बाई कॉलेज शिकलेल्या. ‘स’ तोंडात आणि कानात, दोन्हीकडे पक्का. त्यांनी चुकलेल्या सहा आकड्यांखाली रेघा ओढल्या. मग म्हणाल्या, “बरोबर तिचंच होतं. आणि मी तिथंच उभी होते, मिस्तरी. हसले नाही, पण बोललेही नाही.”

चुनीलालशेठ आले, त्यांनी पाटी पाहिली. “एखाद आकडा चुकस मानूस,” असं काहीतरी पुटपुटले. बाईंनी त्यांना पाटी दिली आणि निंबाखाली पाठवलं. शेठांचे सात चुकले. परत आले तेव्हा त्यांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली.

“उघड भो त्यानं पोट,” ते मिस्तरींना म्हणाले.

सोळा सतरा स्क्रू काढून मिस्तरींनी माझी मागची फळी उचलली. आत लालसर धूळ, आणि कंडेन्सरमधून ओघळून घट्ट झालेलं मेण. एका कंडेन्सरची तार नुसती हात लावल्यावर निघून आली. इतकी वर्षं मी ज्याला गोडवा म्हणत होतो तो हा.

चांगले कंडेन्सर मुंबईहून मागवावे लागणार होते. तोवर? मिस्तरींनी मान वर केली. छताला पंखे होते.

“शेठ, पंखामा तेलना कंडेन्सर ऱ्हास. कागदीपेक्षा दसपट भारी. दोन जोडी दिधात तर तठलोंग काम चाली जाई.”

“काढ ना मंग.”

“तुमना खुर्चीवरलाच पंखा बराबर शे. आनि त्याना शेजारना.”

मार्चअखेरची तापलेली दुपार होती. चुनीलालशेठांनी एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा पाटीकडे. “काढ,” म्हणाले. पुढचे तीन आठवडे ते वर्तमानपत्रानं वारा घेत बसत, आणि कुणी विचारलं तर सांगत, “मन्हा वारा डब्बा पी गया.”

मुंबईचं सामान आल्यावर मिस्तरींनी सगळंच बदललं. पत्र्याच्या डबीतले तेलाचे नवे कंडेन्सर आणि जाड तारेची नवी वेटोळी. वेटोळी त्यांनी हातानं गुंडाळली, लाकडी नळीवर, एकेक फेरा मोजून. जवळ लोखंडाचा खिळासुद्धा येऊ दिला नाही, म्हणे आवाज बिघडतो. पंख्यांचे कंडेन्सर पंख्यांना परत गेले. मग बाई पाटी घेऊन पुन्हा निंबाखाली. दहापैकी दहा.

काही लोकांना माझा नवा आवाज आवडला नाही. “टोचस,” म्हणाले. मी पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

पण मित्रांनो, मी दुरुस्त झालो म्हणून कोकिळाचा पाय सरळ होत नव्हता. शोभाबाईंनी डॉक्टरांना पत्र लिहिलं. त्यांनी कळवलं, केव्हाही आणा, मात्र लवकर आणा. बाई खापरच्या बाजाराला गेल्या. एकदा, दोनदा. फुलवंताबाई भेटली नाही. मग पाऊस लागला, नाले भरले, वाट तुटली. ऑगस्टअखेर ती बाजारात कणसं विकताना सापडली. कोकिळा शेजारी गोणपाटावर बसलेली, पाय बरा व्हावा म्हणून मनगटाला बांधलेला नऊ पदरांचा धागा दातांनी उसवत.

तिच्या घरी सासऱ्यानं ठाम नाही म्हटलं होतं. ज्या गावात आपल्या जिभेला हसतात तिथं पोर न्यायची नाही. बाईंनी पाटीची हकीकत सांगितली, हात जोडले. फुलवंताबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“बाई, तुम्ही माले एकलीले हांगी ऱ्हायनात,” ती म्हणाली. “हहनात तवय चार लोक व्हतात. त्या डब्बामाईन हांगा. मन्हा हाहरा ऐकी, आनि मंग तो नही म्हननार नही.”

बाईंनी परत येऊन हे मंडळाच्या बैठकीत सांगितलं.

“मग कोण बोलेल?” शोभाबाईंनी विचारलं.

“तुम्हीच बोला ना बाई. तुमनं मराठी चांगलं शे,” शेठ म्हणाले.

“हसले कोण होते, शेठ?”

पुढच्या आठवड्यात शाळेच्या कार्यक्रमाला सभागृह भरलं. फुलवंताबाई सासऱ्याला घेऊन आली होती. तिला पुढे खुर्ची दिली, ती बसली नाही. त्याच निंबाखाली जाऊन उभी राहिली. चुनीलालशेठ माइकपुढे आले. बाईंनी लिहून दिलेला कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मग तो खिशात घातला आणि नेहमीच्या बोलीत सुरू केलं.

“भाऊ-बहिनीस्हो. मार्चमा आमनी बस व्हती... हकाळना हात वाजता...”

ते थांबले.

घाबरलं की माणसाची आईकडची बोली वर येते. शेठांच्या घरी गुजराती बोलत, आणि त्या बाजूच्या बोलण्यातही सातचा हात होतो. इतकी वर्षं त्यांनी तो दाबून ठेवला होता. आणि मी आता नवा होतो. ‘स’ला ‘स’ आणि ‘ह’ला ‘ह’, जसं आलं तसं स्वच्छ, निंबापर्यंत पोचवलं.

कुणाला हसावं की नाही कळेना. तेवढ्यात बाहेर निंबाखालून फुलवंताबाईचा आवाज आला.

“शेठ! हात वाजता! बराबर ऐकू उनं!”

मग मात्र सगळं सभागृह हसलं. चुनीलालशेठांचे कान लाल झाले. पण ते माइकपासून हटले नाहीत. “मन्ही मायबी हातच म्हने,” ते म्हणाले, आणि मग हळू आवाजात, “फुलवंताबाईनी बराबर ऐकेल व्हतं. डब्बा चुकना. आनि डब्बानं ऐकीसन तिले हसनू, तो मी चुकनू.”

सासरा निंबाखाली पागोटं नीट करत उभा होता. त्यानं सुनेच्या कडेवरून कोकिळाला आपल्या खांद्यावर घेतलं. शोभाबाई दुसऱ्याच दिवशी दोघींना घेऊन रेल्वेनं सुरतेला गेल्या.

गोष्ट इथं संपवता आली असती तर मला बरं वाटलं असतं. पण सहा महिने गेले होते. चारपाच प्लास्टरांचं काम आता तेवढ्यात होईना. टाचेमागची शीर आखडली होती. चाकू लागला, मग अकरा प्लास्टरं. फुलवंताबाई दर खेपेला सुरतेहून येताना सभागृहावरून जायची, पण आत यायची नाही. तिचा माझ्यावर राग होता का, मला माहीत नाही. असावा.

पाय बराचसा सरळ झाला. पूर्ण नाही.

गेल्या वर्षी सव्वीस जानेवारीला कोकिळा आमच्या रंगमंचावर कविता म्हणायला आली. सात वर्षांची, दोन वेण्या, शाळेचा गणवेश. माइक आधीच चालू होता, खाली फळीला टेकवून ठेवलेला. ती पडद्यामागून चालत आली आणि तिची पावलं माझ्यातून सगळ्या सभागृहानं ऐकली. टप्, सर्र. टप्, सर्र. दुसरं पाऊल उचलत नाही, किंचित घासत येतं. आता माझ्याकडून एकही आवाज गळत नाही. हाही गळला नाही. लोक टाळ्या वाजवत होते. तिनं कविता खणखणीत म्हटली, सगळे ‘स’ जिथल्या तिथं. माझं लक्ष तिच्या परतीच्या पावलांकडे होतं.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातल्या, शाळेतल्या जुन्या यंत्राला पॉलिश करा, कापड बदला, पण अधूनमधून त्याची मागची फळीही काढून बघा. आणि कुणी म्हणालं की मला असं ऐकू आलं, तर त्याच्या जिभेला हसण्याआधी तो जिथं उभा होता तिथं एकदा जाऊन उभे राहा. लगेच जा. तपासायला शोभाबाईंना एक दुपार पुरली होती. बस सुटायच्या आधीची एखादी दुपार त्यासाठी कुणी काढली असती, तर ती पोर आज पळाली असती.